निघायच्या दिवशी धुणं नाही

"ग्लेनला काढायलाच हवं. त्याचा ताल घसरतो, आणि तुम्ही सगळे बहिऱ्याचं सोंग घेऊन बसलाय."

हे बोलला रसेल, बँडमधला गाणारा. पत्र्याच्या शेडचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि दाराबाहेर चहाचा ट्रे घेऊन उभी होती नॉर्मा लेडबेटर, ग्लेनची आई.

"काढ की," आतून हॉवर्डचा आवाज आला. हा गिटारवाला. त्याचं बोलणं बारा महिने नाकातून, सर्दी झाल्यासारखं. "आणि मग ड्रम, पेट्या, स्पीकर तुझ्या बापाच्या सायकलवर न्यायचे का? गाडी त्याच्या आईची. शेड त्याच्या आईची. आत्ता तू जे हाणलंस ते अंड्याचं सँडविचसुद्धा त्याच्या आईचं."

"म्हणजे गाडीसाठी ड्रमवाला पोसायचा?"

"लोकांनी याहून कमी गोष्टीसाठी लग्नं केलीत."

"गप्प बसा रे दोघं," ही जॅनिस, बास गिटार वाजवणारी. "चहा यायची वेळ झाली."

चहा आलेलाच होता. ट्रेवरचे कप थरथरून एकमेकांवर वाजत होते, ते गप्प होईपर्यंत नॉर्मा तिथेच थांबली. मग पायाने दार ढकलून आत गेली आणि म्हणाली, "साखर ज्याची त्याने घ्या." रसेलने सगळ्यांत जास्त घेतली.

त्या दिवसापासून नॉर्माच्या घरी एक काळजी कायमची भाडेकरू म्हणून राहायला आली. तिला एवढंच कळलं, की आपलं पोरगं या बँडमध्ये टिकलंय ते आपल्या मासेगाडीच्या जोरावर. गाडी गेली की पोरगं गेलं.

आता एखादी म्हणेल, गेलं तर गेलं, ढोल बडवण्यात असं काय सोनं लागलंय? पण नॉर्माने ग्लेनचं दुसरं रूप पाहिलेलं होतं. त्याचा बाप वॉल्टर ट्रॉलरवर होता. फ्लीटवुडच्या धक्क्यावरून आइसलंडच्या बाजूला गेलेली बोट परत आली नाही, तेव्हा ग्लेन शाळेत जायच्या वयाचा होता. पोर रडलं नाही, फक्त बोलायचं बंद झालं. वरच्या खोलीचं दार लावून बसायचं. जेवायला हाक मारली तर खाली यायचं, जेवायचं, परत वर. मग एक दिवस ते अंगणात मासळीच्या रिकाम्या पेट्या पालथ्या घालून लाकडी चमच्यांनी बडवायला लागलं. शेजारच्या मिसेस रॉस्कोने भिंतीवरून ओरडून विचारलं, "नॉर्मा, तुझ्याकडे सुतार आलाय का?" नॉर्मा म्हणाली, "नाही गं, माझा मुलगा परत आलाय."

म्हणून बँड. बँडचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'वायर लाइट', खाडीच्या तोंडाशी जे जळकं दीपगृह वाकून उभं आहे त्याचं. नॉर्माला ते नाव मुळीच आवडायचं नाही. जळक्या-बुडत्या गोष्टींची नावं कोण घेतं? पण तिला कुणी विचारलं नाही.

शुक्रवारी दिवसभर ती आतल्या गावांतून, गिरण्यांच्या वस्त्यांमधून हॅडक आणि कॉड विकत फिरायची. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मासे खाणाऱ्यांना सोमवारचा मासा चालत नाही. परत आली की गाडी ब्लीचने धुवायची, लिंबं चिरून कोपऱ्यांत ठेवायची, आणि मग त्याच गाडीत ड्रम चढायचे. वास काही पुरता जायचा नाही. लीड्सला एका पबात पोरांनी पेट्या आत नेल्या तर बारवाला म्हणाला, "चिप्स कुठे आहेत?" जॅनिस म्हणाली, "चिप्स पुढच्या गाडीत आहेत, आम्ही नुसते मासे."

सुरुवातीला मच्छीमारांच्या क्लबातच वाजवायचे. तिथे गाणं मध्येच थांबवून क्लबचा सेक्रेटरी माइक हातात घ्यायचा. "खिम्याच्या पॅटिस गरम होऊन आल्यात, घ्यायच्या त्यांनी घ्या, आणि आता बिंगो. ड्रमवाल्या पोराने हात खाली ठेवावेत, आकडे ऐकू येत नाहीत." सगळ्या क्लबात ज्याला वेगळं काढून गप्प करायचे तो ग्लेनच. नॉर्मा मागच्या टेबलाशी बसून रसेलचं तोंड बघायची. तो हसतोय का? कपाळाला आठी आहे का? गाणं तिला कळायचं नाही, पण रसेलच्या कपाळाचा तिचा अभ्यास पक्का झाला होता.

तिने मग आपल्या परीने बांध घालायला घेतले. सँडविचमध्ये अंड्याबरोबर हॅम आलं. शेडमध्ये रॉकेलचा हीटर आला. गाडी कुठे कशी उभी करायची हे तिनेच शिकवलं, पाठीची दारं भिंतीला इतकी टेकवून की मधून हात जाऊ नये, म्हणजे चोराला ती उघडताच येत नाहीत. मँचेस्टरच्या छोट्या रेकॉर्डवाल्यांनी पहिली तबकडी काढली आणि दौऱ्यासाठी भाड्याची गाडी देऊ म्हणाले, तेव्हा तिने चेहरा पाडून सांगितलं, "भाड्याच्या गाड्या पेट घेतात म्हणे." हॉवर्डने विचारलं, "कुणाच्या पेटल्या, आंटी?" ती म्हणाली, "नावं कशाला घ्यायची लोकांची!"

आणि एक नेम ती पाळायची. बोट ज्या दिवशी समुद्रात जाते त्या दिवशी बंदरातल्या बायका कपडे धूत नाहीत. धुतले तर माणूस पाण्याबरोबर वाहून जातो. निरोपाचा हातही हलवत नाहीत. लाट हाताचं ऐकते असं म्हणतात. नॉर्माने वॉल्टरच्या प्रत्येक खेपेला हे पाळलं होतं. पाळूनही तो गेला तो गेलाच. पण न पाळून बघायची छाती कुणाची? मासेगाडी ड्रम भरून निघायची त्या दिवशी नॉर्माच्या घरी धुणं नसायचं, आणि गाडी वळणावर जायच्या आधी ती पाठ फिरवून आत आलेली असायची. ग्लेनला हे ठाऊक होतं. बंदरातलंच पोर ते.

मग रेडिओवर त्यांचं एक गाणं लागलं. संध्याकाळच्या कार्यक्रमात, दोन-तीनदा. मिसेस रॉस्कोने आपल्या खिडकीत रेडिओ ठेवून सगळ्या गल्लीला ऐकवलं आणि वर म्हणाली, "नॉर्मा, शब्द काही कळत नाहीत, पण ओरडतो छान." आणि त्या गाण्याच्या मागोमाग लंडनहून एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. ज्युलियन त्याचं नाव. पायांत मऊ चामड्याचे बूट, ते घालून तो नॉर्माच्या अंगणात आला म्हणजे त्याने मासेवाल्याचं अंगण कधी पाहिलं नव्हतं हे उघडच होतं. त्याने शेडमध्ये उभ्याने सगळं ऐकलं. नॉर्मा चहा घेऊन गेली तेव्हा तो नाक वर करून म्हणत होता, "इथे कसला वास येतोय का?"

"रसेलच्या गाण्याचा," जॅनिस म्हणाली.

कुणी हसलं, कुणी नाही. ज्युलियन म्हणाला, "गाणी चांगली आहेत. आवाज चांगला आहे. पुढच्या शनिवारी कॅम्डनला वाजवा, आमची मोठी माणसं ऐकायला येतील. मग बघू, कोण... म्हणजे, काय काय घेता येतं ते."

'कोण' म्हणून तो जिथे अडखळला, तिथेच नॉर्माही ट्रे घेऊन थबकली. त्याची नजर कपांवरून ड्रमवर आणि ड्रमवरून खालच्या गालिच्यावर गेली होती. गालिचा नॉर्माच्याच बैठकीच्या खोलीतला होता, तपकिरी, फुलाफुलांचा. ड्रमखाली गालिचा लागतो, नाहीतर पाय मारताना पुढचा मोठा ड्रम सरकत जातो. तिने कात्रीने तुकडा कापून दिला होता. ज्युलियन त्याच्याकडे बघून बोटाने नाक चोळत होता.

तो आठवडा नॉर्माने कसा काढला ते तिचं तिला माहीत. वास, वास, वास. त्या वासापायी माझ्या पोराला काढणार. शनिवारी सकाळी ग्लेन गाडीत पेट्रोल भरायला गेला आणि गुंडाळलेला गालिचा अंगणात पडलेला तिला दिसला. तिने तो उलगडला. वासच आला, दुसरं काय येणार! तिने आभाळाकडे बघितलं, चांगला वारा होता, वाळेल असं वाटलं. आज निघायचा दिवस आहे हे तिला माहीत होतं. माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण हा काही कपडा नव्हे, गालिचा आहे, अशी तिने मनाची समजूत घातली आणि कढत पाणी ओतलं. सोडा घालून खसाखसा घासला. वर जागोजागी काळ्या चिकटपट्टीचे तुकडे चिकटले होते, पोरांनी केलेली घाण. मासे सोलायच्या सुरीने तिने ते एकेक करून खरवडून काढले.

लंडनला, कॅम्डनचा तो पब एका पुलाखाली होता. या वेळी नॉर्माही गाडीबरोबर गेली होती, गाडी भिंतीला नीट लागते की नाही ते बघायला, असं तिने सांगितलं होतं. ग्लेनने स्टेजवर गालिचा अंथरला आणि वाकून बघत राहिला.

"आई, पट्ट्या कुठे गेल्या?"

"कसल्या पट्ट्या?"

"प्रत्येक ड्रमच्या पायाची खूण होती. झांजेच्या स्टँडची, माझ्या स्टुलाची. त्या खुणांवर मांडलं की डोळे मिटूनही हात जागेवर पडतो."

त्याने तिचे हात पाहिले, सोड्याने लाल झालेले. मग गालिच्याला हात लावला. खालून अजून ओला होता.

"आज धुतलास?" तो हळूच म्हणाला. "आज?"

पट्ट्यांचं काहीच बोलला नाही. 'आज' एवढंच. आणि मग अंदाजाने मांडामांड करायला लागला.

पहिली दोन गाणी निभावली. तिसऱ्याला ओल्या गालिच्यावरून मोठा ड्रम पुढे सरकायला लागला आणि ग्लेन त्याच्यामागे स्टूल सरकवत वाजवायला लागला. झांज वीतभर लांब होती, तिथे काठी पोहोचेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असायचं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या नॉर्माला आयुष्यात पहिल्यांदा ताल घसरलेला ऐकू आला. एकदा ऐकू आला आणि मग सारखाच यायला लागला. आज गालिच्यामुळे घसरतोय, की नेहमीच घसरत होता आणि मलाच ऐकू येत नव्हता? हा प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. त्याचं उत्तर तिला कधी मिळालं नाही.

सोमवारी रसेल स्वयंपाकघरात येऊन बसला. साखर न घालता चहा ढवळत बसला, तेव्हाच ती समजली.

"त्यांचा फोन आला होता, आंटी. मोठी रेकॉर्ड काढणार आहेत. लंडनला."

"बरं."

"ड्रमला त्यांचा माणूस. म्हणजे नुसतं रेकॉर्डवर. दौऱ्याला ग्लेनच. कदाचित." त्याने कप फिरवला. "तुम्ही सांगाल त्याला? तुमचं तो ऐकतो."

"रसेल, तो गालिचा मी धुतला. त्या दिवशी धुतला. त्याचा काही दोष नाही. तू त्या ज्युलियनला एवढं सांग."

"आंटी, निघायच्या दिवसाचं धुणं लंडनवाल्याला काय कळणार?"

"तुला तर कळतं ना!"

रसेलचा बापही ट्रॉलरवरचाच. रसेलने चमचा बशीत ठेवला.

"मग तूच सांग त्याला," नॉर्मा म्हणाली. "मी मासे पोहोचवते. असली पार्सलं नाही पोहोचवत. एवढ्या लोकांपुढे गाणारं तोंड आहे तुझं, दोन वाक्यं बोलायला काय झालं?"

रसेलने चहा संपवला, उठला, आणि मागच्या दाराने निघून गेला. शेड पुढच्या बाजूला होती.

शेवटी नॉर्माच गेली. ग्लेन गालिच्यावर गुडघे टेकून नव्या पट्ट्या चिकटवत होता. तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "रसेल मागच्या दाराने गेला ना? चांगली बातमी असती तर इकडून गेला असता."

तिने सांगितलं. तो ऐकत होता आणि पट्टी दाबत होता.

"पहिल्यांदा तो म्हणाला, ग्लेनला काढा, तेव्हा मी शेडमागे बर्फ फोडत होतो," तो म्हणाला. "तू ट्रे घेऊन उभी होतीस. कोपऱ्यावरून तुझी पावलं दिसत होती."

"तेव्हापासून तुला माहीत आहे?"

"तुलाही तेव्हापासूनच."

"मग मला बोलला का नाहीस, मेल्या?"

"तुला झोप लागली नसती."

"मला तशी कुठे लागत होती!"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग म्हणाला, "त्याला माझा ताल घसरलेला ऐकू येतो. मला त्याचा वरचा सूर फाटलेला ऐकू येतो. मी बोलतो का काही? वाजवायचं, झालं. दौऱ्याला नेणार आहेत ना? मग ती खालची बाजू धर, सुरकुती पडतेय."

तिने बाजू धरली. पण मनातून ती काही त्याच्यासारखी मोकळी झाली नाही. दौऱ्याला 'कदाचित' असं रसेल म्हणाला होता, ते तिने ग्लेनला सांगितलंच नव्हतं.

रेकॉर्ड निघाली. पाकिटावर चौघांचे चेहरे, त्यांत ग्लेनचाही; आतले हात मात्र दुसऱ्याच कुणाचे. नॉर्माने ती कपाटावर उभी करून ठेवली आणि कधी लावली नाही. दौऱ्याला ग्लेन गेला, मासेगाडीतूनच. वर्तमानपत्रात एकाने चांगलं लिहिलं, दुसऱ्याने वासाबद्दल लिहिलं. मग हिवाळ्यात ज्युलियनचे फोन कमी झाले आणि उन्हाळ्यात बंद. दुसरी रेकॉर्ड निघालीच नाही. भांडण नाही, तंटा नाही, भरतीचं पाणी उतरतं तसं सगळं उतरलं. हॉवर्ड प्रेस्टनला पोरांना गिटार शिकवायला लागला. जॅनिस शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. रसेल लंडनला एकटाच राहून पाहून आला आणि मग ट्रामवर तिकिटं फाडायला लागला, प्रवाशांशी बोलताना अजूनही थोडा गायचा. शुक्रवारची मासेगाडी ग्लेन चालवायला लागला. त्याचं लग्न झालं. पॉला, भली पोरगी, जरा टापटिपीची. नाताळाच्या सुमाराला चौघं क्लबात एखादी संध्याकाळ वाजवायचे. पॅटिस आणि बिंगोच्या मध्ये. तेवढ्यासाठीसुद्धा नॉर्मा त्या दिवशी धुणं काढायची नाही.

किती वर्षं गेली म्हणून सांगावं! रसेलला टक्कल पडलं, नॉर्माचे गुडघे गेले. आणि आता कुठून कोण जाणे, तरण्या पोरांना फोनमध्ये ती जुनी रेकॉर्ड सापडली. दूरदूरच्या पोरांना. वाजवा म्हणून बोलावणी आली, ग्लासगो, ब्रिस्टल, लंडनसुद्धा. रसेल या वेळी पुढच्या दाराने आला.

"आंटी, शेड मोकळी आहे का?"

नॉर्माने हातातली काठी घट्ट धरली. "ड्रमवर कोण?"

"कोण म्हणजे?"

"पोरांना रेकॉर्डवरचं आवडलंय. रेकॉर्डवर माझा नव्हता."

रसेल म्हणाला, "गाडी कुणाची आहे?" आणि हसला.

पॉला म्हणाली, चेष्टा करतोय तो. नॉर्मा म्हणाली, असेल. पण चेष्टा कोणती आणि खरं कोणतं हे तिला ठरवता येईना, आणि सगळी तालीम होईपर्यंत ती खिडकीशी बसून शेडच्या दाराकडे बघत राहिली. रोज कोण येतं, कोण जातं, एखादा नवा तरणा पोरगा ड्रमच्या काठ्या घेऊन येतो का.

आला नाही. ते निघाले आणि पुढच्या आठवड्यात नॉर्मा खुर्चीतच गेली, ग्लेन तेव्हा ब्रिस्टलला होता. त्याला पॉलाने फोन केला. पण निघायच्या त्या दिवशीचं सांगायला हवं.

सकाळी पॉला कपड्यांची टोपली घेऊन आली. "मशीन लावू का?"

"आज नाही."

"चादरींचा ढीग झालाय, आई."

"होऊ दे."

टोपली जिन्याखाली ढकलली गेली. नॉर्माने गालिचा कोरड्या ब्रशने झाडला, पट्ट्यांवरून बोट फिरवून एकेक दाबून पाहिली, गुंडाळून दाराशी ठेवला. अंड्याची सँडविचं केली. चहा केला. पॉला म्हणाली ट्रे मी नेते, तर तिच्या हातावर चापट मारली, आणि काठी घरात ठेवून ट्रे घेऊन अंगणातून निघाली, भिंतीला खांदा लावत लावत.

शेडमध्ये रसेल आणि हॉवर्ड कशावरून तरी वाद घालत होते. नॉर्मा दाराशी थांबली. आता कान पूर्वीचे राहिले नव्हते, शब्द काही लागेनात. एकदा ग्लेनचं नाव आल्यासारखं वाटलं. कप वाजत होते. ते गप्प होईपर्यंत तिने वाट पाहिली आणि पायाने दार ढकललं.

"साखर ज्याची त्याने घ्या."

"आंटी आल्या," हॉवर्ड म्हणाला. "आता रसेल गप्प बसेल."

ग्लेन ड्रम गाडीत चढवत होता. त्याने येऊन कप घेतला, उभ्याउभ्याच प्यायला, गालिचा काखेत मारला. नॉर्माने जाऊन गाडीची पाठ आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालून पाहिला. गाडी पुढे घेतलेली होती म्हणून या वेळी गेला. "तिकडे नीट लावा," ती म्हणाली. "हो आई," ग्लेन म्हणाला. गाडी सुरू झाली. ती वळणावर पोहोचायच्या आत नॉर्माने पाठ फिरवली, रिकामे कप ट्रेवर गोळा केले, भिंतीच्या आधाराने स्वयंपाकघरात आणले आणि सिंकमध्ये ठेवले. नळ सोडला नाही.